पहिली वाटी

दोन बोटांच्या चिमटीत एक चणा धरून नाना डोळे मिटायचे. मग अंगठा हळूच दाबायचे. चणा न कुरकुरता पसरला की दारातूनच ओरडायचे, “आला! आला रे आला!”

गल्लीत नव्यानं राहायला आलेल्याला वाटायचं, गावाकडून कोणी पाहुणा आला. आम्हा जुन्यांना माहीत असायचं, की काबुली चणा आला, म्हणजे मऊ झाला, आणि आता अर्ध्या तासात आपापल्या घरून वाट्या काढायला हरकत नाही.

मी लिंबायतमध्ये, परप्रांतातल्या या कापडाच्या शहरात, एका मराठी शाळेत शिकवते. मूळची अकोल्याची. नाना आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. ते पारोळ्याकडचे, हाडाचे वेल्डर. अकरा वर्षं अल्जेरियाच्या वाळवंटात गॅसच्या पाइपलाइनी जोडून परत आले आणि इथं हजीऱ्याच्या कारखान्यांत एका कंत्राटदाराकडे लागले. परदेशातून लोक ब्लँकेटं आणतात, अत्तरं आणतात. नानांनी तीन कालवणं आणली. पांढऱ्या राजम्याची लुबिया, चणे-मसूर-टोमॅटोचा दाट हरीरा आणि शिळ्या पावाच्या तुकड्यांवर ओतायची चण्याची लबलाबी. आमच्या गल्लीला ही नावं पाठ व्हायला पंधरा दिवस लागले. चव मात्र पहिल्याच दिवशी पाठ झाली.

काय सांगू तुम्हाला त्या वासाचं! एरवी रविवारी आमच्या गल्लीत कोणाकडे शेवभाजी, कोणाकडे वांग्याचं भरीत, म्हणजे वास ओळखीचे. नानांनी पहिल्यांदा कालवण केलं त्या रविवारी दहाच्या सुमारास समोरून लसूण, भाजलेलं जिरं आणि टोमॅटो यांचा असा काही वास आला, की मी वह्या तपासता तपासता एका पोराला दहापैकी अकरा मार्क देऊन बसले. उठलेच. दारात जाऊन पाहते तर नाना स्टोव्हसमोर उकिडवे बसलेले, गळ्यात टॉवेल, हातात लांब दांड्याचा डाव, आणि चेहऱ्यावर आनंद नुसता उतू चाललेला.

“या बाई, या! बरोबर टायमाला आलात. फक्त अजून एक उकळी!”

ही नानांची ‘अजून एक उकळी’ म्हणजे कमीत कमी पाऊण तास. त्यांना घाई चालायची नाही. कुकर तर त्यांच्या डोळ्यांसमोर नको. “शिट्टी वाजली की चणा घाबरतो, बाई. वरून मऊ दिसतो, आतून कडकच राहतो.” रात्रभर भिजवलेले चणे, जाड बुडाचं पातेलं, बारीक आच. कांदा लाल नाही करायचा, नुसता नरम. बरोबर ठेचलेला लसूण आणि किसलेला टोमॅटो. वेगळ्या वाटीत लाल मिरच्या भिजवून पाट्यावर लसूण, धणे, शहाजिरे घालून वाटलेली चटणी, तिला ते ‘हरिसा’ म्हणायचे आणि नाव घेताना आवाज आपोआप खाली आणायचे. शेवटी कोथिंबिरीच्या काड्या, लिंबू आणि कच्च्या तेलाची धार. हरीरा असला तर पाण्यात पीठ कालवून वरून सोडायचे आणि न थांबता ढवळायचे. आमच्या आजूबाजूच्या बाया दारातून मान आत घालून म्हणायच्या, “नाना, हे तर पातळ पिठलंच की हो!” त्यावर नाना नुसते हसायचे. पण कोणी काळ्या मसाल्याचा डबा हातात घेऊन आली, की ते पातेल्यावर झाकण ठेवून वर हात ठेवायचे.

“काळा मसाला सगळ्यात टाकला, तर मी अकरा वर्षं तिथं केलं काय?”

नानांच्या घरात बोलणारे ते एकटेच. आक्का, म्हणजे त्यांची बायको, बोलायच्या कमी आणि हलायच्या जास्त. आठवडाभर घरी साड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबते धागे कापायचं काम त्या करायच्या. नाना परदेशी असताना याच कामावर त्यांनी लेकीला मोठं केलं, तिचं लग्न करून नवापूरला दिलं. कात्री इतकी झपाझप चालायची, की बघणाऱ्याला भीती वाटावी.

तर त्या पहिल्या रविवारी चणा आला. नानांनी एका वाटीत पावाचे तुकडे टाकले, वर वाफाळती लबलाबी ओतली, हरिसाचा ठिपका ठेवला, लिंबू पिळलं, आणि ती वाटी दोन्ही हातांनी आक्कांच्या पुढे धरली.

“ले. पहिले तू खाय.”

आक्कांनी वाटी घेतली. इकडे वळल्या. आणि ती माझ्या हातात दिली.

“बाई, तुम्ही बठा. मी मंग खाई लिसू.”

मी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? मी खाल्ली! सांगायला आज लाज वाटते, पण खरंच सांगते, पहिला चमचा तोंडात गेल्यावर मला कोणी ‘ही वाटी तुझी आहे का’ विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं. चणा जिभेवर ठेवला की विरघळत होता, जिऱ्याचा खमंगपणा नाकात चढत होता, शिळा पाव रसानं फुगून हलवा झाला होता. नाना मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते आक्कांकडे बघत होते आणि त्यांच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला होता.

दोन दिवसांनी त्यांनीच मला कारण सांगितलं. तिकडे कामावर त्यांच्यासोबत एक म्हातारा फिटर होता, तिथलाच. सुट्टीच्या दिवशी तो यांना आपल्या घरी घेऊन गेला. म्हाताऱ्यानं स्वतः राजमा शिजवला, नानांना समोर बसवून सगळं शिकवलं. आणि कालवण तयार झाल्यावर पहिली वाटी पाहुण्याला दिली नाही, स्वतः घेतली नाही, बायकोसमोर ठेवली. ती बसली, तिनं फुंकर घातली, खाल्लं, मान हलवली. मग बाकीच्यांच्या वाट्या भरल्या.

“तिथली सगळ्यांची रीत असंल असं नाही बाई, त्या म्हाताऱ्याची होती,” नाना म्हणाले. “पण त्या रात्री मी कॅम्पवर झोपलोच नाही. मी आठवत बसलो. आपलं लग्न झालं, पोरगी झाली, इतकी वर्षं गेली. मी हिला गरम जेवताना कधी पाहिलं? एकदा पण नाही! मला आठवतंच नाही. ती जेवायची ती आम्ही उठल्यावर, भांडी गोळा करता करता, निवलेलं. तेव्हाच ठरवलं, घरी जायचं आणि हिला एकदा तरी पहिली वाटी खाऊ घालायची. वाफ येत असताना.”

हे सांगताना एवढा वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर झेललेला माणूस रिकामी वाटी धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून बसला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “मग काय, पुढच्या रविवारी खातीलच.”

“खाईलच! लुबिया करतो. लुबियाला नाही कशी म्हणेल!”

पुढच्या रविवारी लुबियाची पहिली वाटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला गेली. तो बिचारा राजम्याचे पैसे न मागता नुसताच विचारायला आला होता, “नाना, आजे शुं बनाव्युं?” आक्कांनी त्याला बसवलं आणि वाटी पुढे केली.

नाना चिडले नाहीत. त्यांनी आक्कांना कारण विचारलं. आक्का म्हणाल्या, “एवढंसं तर शे. तुम्हले पुरू द्या.”

झालं! इथं नानांनी आपलं डोकं चालवलं. त्यांना वाटलं, पुरणार नाही म्हणून ही खात नाही. म्हणजे जास्त केलं की खाईल. पुढच्या रविवारी दुप्पट चणे. दुप्पट चणे म्हणजे दुप्पट वास, आणि दुप्पट वासाला लिंबायतच्या गल्लीत दुप्पट माणसं! शेजारचा विदर्भातला रिक्षावाला आला, त्याचा भाऊ आला, वरच्या मजल्यावरचे लूमवाले चौघं आले. आक्का खुशाल वाढत राहिल्या. पातेलं रिकामं झालं. नानांनी पुढच्या वेळी तिप्पट भिजवले.

आता मी तुम्हाला विचारते, घरात पाहुणा बसलेला असताना आपल्याकडची कुठली घरधनीण आधी जेवायला बसते? पाहुणे जितके जास्त, तितका तिचा घास लांब. हे मला, तुम्हाला, गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळतं. नानांना कळलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवसांत कळून घ्यायचं नव्हतं, कारण मला दर रविवारी गरम वाटी मिळत होती.

काय ते रविवार होते! पावसाळा संपेपर्यंत नानांनी मंडळाचं भंडाऱ्याचं पातेलं मागून आणलं. स्टोव्ह गेला, विटांची चूल आली, तीही खोलीबाहेर. सकाळपासून गल्लीत गर्दी. कोणी टोमॅटो किसतंय, कोणी पाव तोडतंय, कोणी नुसतंच सल्ले देतंय. हरीरा जास्त चांगला की लुबिया, यावरून रिक्षावाल्याचं आणि लूमवाल्यांचं असं भांडण जुंपलं, की दोन दिवस बोलणं बंद. कोणी भाकरी कुस्करून खाल्ली, कोणी भातावर घेतली, किराणावाल्यानं घरून चिमूटभर गूळ आणून गुपचूप आपल्या वाटीत टाकला आणि पकडला गेला. आणि या सगळ्याच्या मध्ये नाना, घामानं निथळलेले, डाव उगारून, “थांबा रे! अजून एक उकळी!” असं ओरडत. त्यांना इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं. पहिली वाटी ते अजूनही आक्कांच्या हातात द्यायचे, पण आता बघायला थांबायचे नाहीत. मागून कोणीतरी हाक मारायचं आणि ते वळायचे.

एका रविवारी मी वाटी परत द्यायला उशिरा गेले. चार वाजले असतील. नाना आत घोरत होते. आक्का मोरीजवळ बसल्या होत्या, बाजूला धुतलेल्या भांड्यांचा डोंगर. मांडीवर ते मोठं पातेलं आडवं धरून बुडाशी चिकटलेलं दाट झालेलं कालवण कालथ्यानं खरवडत होत्या. सकाळचीच भाकरी, त्यावर ती खरवड.

“आक्का, आत्ता जेवता?”

“हां ना.” त्यांनी एक घास घेतला. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, सहा दिवस धागा काटस, तेन्हं काही नही वाटत. या रविवारनी धास्ती वाटस माले.”

मी तिथंच उभी राहिले. हातातली वाटी कुठं ठेवावी ते कळेना. धुवायला ठेवली तर त्यांनाच धुवावी लागणार. मी ती परत घरी नेली, स्वतः घासली, आणि रागानं नुसती धुमसत राहिले. राग नानांचा आला, त्याहून माझा आला.

सोमवारी संध्याकाळी हजीऱ्याच्या बसमधून नाना उतरले, तसं मी त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. ते नेहमीच्या उत्साहात. “बाई, पुढच्या रविवारी दोन पातेली! एकात लुबिया, एकात...”

“नाना, आक्कांनी आजवर एकदा तरी गरम खाल्लं का?”

पातेल्यांसाठी वर केलेली त्यांची दोन बोटं खाली आली.

“तुम्ही तीस माणसं बोलावता. तीस माणसं जेवेपर्यंत त्या बसणार कशा? काल चार वाजता खरवड खात होत्या. थंडगार.”

त्यांनी हातातला डबा या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, जरा जास्तच बोललो आपण. मग म्हणाले, “मी गेलो होतो एकीला खाऊ घालायला. खाऊन गेली सगळी गल्ली.” आणि चालायला लागले.

आता ते दोघं लिंबायतला नाहीत. नानांचं हजीऱ्याचं काम संपलं, गुडघेही कुरकुरायला लागले, ते आक्कांना घेऊन गावी गेले. त्यांच्या खोलीत आता एक शिलाईवाला राहतो. रविवारी किराणावाला मला अजून विचारतो, बाई, तो चणा कसा करायचा? मी त्याला सगळी कृती सांगते, तो करतो, आणि दर वेळी कुकरच लावतो. पण नानांविषयी काही सांगायचं तर त्या बोलण्यानंतरचा रविवार सांगायलाच हवा.

त्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. जसं काही लेकीच्या लग्नाला निघाले होते.

“बाई, एक काम करा. खुर्ची घेऊन माझ्या दाराबाहेर बसा. कोणी वाटी घेऊन आलं तर सांगा, आज चणा बिघडला. आत कोणाला सोडू नका. तुम्ही पण येऊ नका.”

म्हणजे बघा, गल्लीतली सगळ्यात खादाड बाई पहाऱ्याला! पण बसले. आतून कडी लागली. बाहेर चूल नाही, मोठं पातेलं नाही. आत स्टोव्हवर घरातलं लहान पातेलं. थोड्या वेळानं वास यायला लागला. लसूण, मग जिरं, मग टोमॅटो. सकाळी मी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. माझं पोट इतक्या मोठ्यानं बोलायला लागलं, की मी घसा खाकरून ते झाकत होते. रिक्षावाला आला, त्याला परत पाठवलं. लूमवाले आले, वाट्या वाजवत उभे राहिले. “बाई, बिघडला तर वास एवढा चांगला कसा येतोय?” मी शाळेतला आवाज काढला आणि त्यांना पिटाळलं.

शेवटी आत डावाचा आवाज थांबला. दार पातळ पत्र्याचं, सगळं ऐकू येत होतं.

“ले. बठ आठे. खाय.”

“तुम्ही ल्या पहिले.”

“नही. आज तू.”

“अशी कशी खासू? तुम्ही बठा, मी वाढस.”

“मी आज जेवणारच नाही. तू खाल्ल्याशिवाय पातेल्याला हात लावणार नाही.”

वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मी जागेवर पुढे सरकले. मला आतलं बघता येत नव्हतं, पण मी मनात नुसता धावा करत होते, आक्का, घ्या, घ्या एकदाची, गार व्हई जाई! मला अहिराणी येत नाही, पण त्या दिवशी मनात तीच आली.

मग आक्कांचा आवाज आला, एकदम काळजीनं भरलेला. “अहो, बाहेर बाई बठेल शेत ना! सकायपासून उपाशी!”

मला कळलं, आता काय होणार ते. ती वाटी दाराकडे निघाली होती. मी उभी राहिले, दाराला तोंड लावलं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडले, “आक्का, मी जेवून आलेय! पोटभर! पुरणपोळ्या खाऊन आलेय!”

आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी कधी बोलले नाही. पोटातून त्याच वेळी जोरात आवाज आला, पण तो दाराच्या आत गेला नसावा. आत पाट सरकवल्याचा आवाज आला. कोणीतरी बसलं. चमचा वाटीला लागला.

आणि मग, “हाय! हाय, हाय!”

काहीतरी खाली पडलं. नाना घाबरून “पाणी, पाणी” करत होते, भांडी आपटत होती. मी दारावर थापा मारल्या. कडी निघाली. दारात आक्का उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पदर तोंडावर धरलेला. मी घाबरून विचारलं, “काय झालं? काय झालं आक्का?”

त्यांनी पदर बाजूला केला. त्या हसत होत्या. जीभ बाहेर काढून तिला हातानं वारा घालत होत्या आणि हसत होत्या, नव्या नवरीसारख्या लाल झाल्या होत्या.

“बाई, मन्ही जीभ भाजाई गई!”

मागे नाना पाण्याचा तांब्या घेऊन कावरेबावरे. “अगं, फुंकर मारायची ना! एवढं वाफाळतंय, दिसत नाही?”

आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसू अजून ओठांवर होतं, पण डोळे भरून आले होते.

“पोरीना घासवर फुंकर मारी, तुम्हना चहावर मारी,” त्या म्हणाल्या. “मन्हा घासवर कधी मारी? याद नही ऱ्हायनी ना.”

नानांनी तांब्या पाटाशेजारी ठेवला. आक्का परत पाटावर जाऊन बसल्या, चमचा भरला, तोंडाजवळ नेला, आणि आम्हा दोघांसमोर ओठांचा चंबू करून सावकाश त्यावर फुंकर घातली.